बाप्पाचे डोळे आखणाऱ्या हातांनी भूत करावं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २६ वर्षांचा. पेणजवळच्या गावात आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. बारावीनंतर मी आखणीला बसलो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. गणपती झाले, नवरात्राच्या दहा-बारा देव्या गेल्या, की दोन-तीन महिने हात रिकामे असतात. यंदा एका मेळेवाल्याने भूत बंगल्यासाठी नऊ भुतं मागितली आहेत. सगळी मिळून १ लाख ८० हजार, उचल फक्त १५ हजार, बाकीचे हंगाम झाल्यावर. मार्गशीर्षातल्या जत्रांआधी माल हवा म्हणतो.

बाबांनी बोलणं टाकलंय. एवढंच म्हणाले, "ज्या हातांनी बाप्पाचे डोळे आखतोस, त्याच हातांनी भुताचे आखणार?" हौसेनं मी एक हडळ करूनही बघितली. आधी थर्माकोलचं डोकं कोरलं, त्यावर रेझिन लावलं तर डोकंच विरघळलं. मग पीओपी आणि काथ्यात केलं. पांढरी साडी, उलटे पाय, मोठे सुळे, तोंडातून रक्त. अंगणात उभी केली तर पुतणे तिच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढायला लागले. काम घेऊ की सोडू?

— एक आखणीवाला, रायगड जिल्हा

प्रिय मित्रा,

काम घे. मेळेवाल्याच्या अटींवर मात्र घेऊ नकोस. आणि ती हडळ मोडून टाक, तिचा काथ्या आणि सांगाड्याच्या पट्ट्या तेवढ्या काढून ठेव, दुसऱ्या कामाला येतील.

तीस वर्षं मी गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांच्या आकृत्या केल्या, नाटकांचे मुखवटे केले आणि जत्रेतले दोन भूत बंगले आतून पूर्ण उभे केले. त्यामुळे तुझं पत्र वाचताना रेझिनचा वास नाकात आला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या सहीतच आहे. तू आखणीवाला आहेस. पण त्याआधी बाबांचं बोलू, कारण ते मनात खुपत असताना हात चालणार नाही.

नवरात्राच्या देव्या करता असं तूच लिहिलंयस. मग देवीच्या पायाशी पडलेला, अर्धा रेड्यातून बाहेर आलेला म्हशासुर तुमच्या कारखान्यात कोण करतं? त्याचे डोळे कोण आखतं? बाबांनी आयुष्यात शेकडो म्हशासुर केले असतील आणि ते मन लावून केले असतील, कारण तो नीट भयंकर झाला नाही तर देवीचा त्रिशूळ वाया जातो. हे त्यांना वाद घालून सांगू नकोस. एखाद्या संध्याकाळी चहाच्या वेळी नुसतं विचार, "बाबा, म्हशासुराच्या भुवया तुम्ही कशा उचलता?" ते सांगतील. कारागिराला कामाचं विचारलं की तो बोलल्याशिवाय राहत नाही.

जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा कधी बघितलायस का? नसशील तर येत्या उन्हाळ्यात बाबांना घेऊन जा. रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग बाहेर येतं. सुरुवातीला गणपती येतो, मग सरस्वती, पुढे रावण येतो, त्राटिका येते आणि शेवटाला देवी आणि म्हशासुराची लढाई होते. हे मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात, आणि गणपती करणारा हातच त्राटिकाही करतो. तिथे कुणी त्याला विचारत नाही की तुझे हात बाटले का. त्राटिका आली की पोरं आईच्या पदरात शिरतात आणि पदराआडून एका डोळ्याने बघत राहतात. ते बघणं तुला नऊ वेळा घडवायचंय.

बाबांच्या मनासाठी मात्र एक कर. भुतं कारखान्यात करू नकोस. मागच्या पडवीत नाहीतर शेजाऱ्याच्या गोठ्यात जागा कर आणि ब्रश वेगळे ठेव. माझा विटाळावर विश्वास नाही. पण ज्या माणसाने तुला ब्रश धरायला शिकवलं, त्याच्या डोळ्यांसमोर बाप्पाच्या फळीवर कवटी ठेवणं बरं नव्हे.

आता काय करायचं नाही ते. मेळेवाला तुला वेताळ मागेल. देऊ नकोस. सिंधुदुर्गात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, तो रात्री गावाची फेरी मारतो आणि चपला झिजतात म्हणून. देवचाराचंही तेच. ज्याला कुणी नवस बोलतं, त्याला तिकिटाच्या खिडकीमागे उभं करू नये. मुंजा, खवीस, गिऱ्हा, चकवा, जखीण, नावांना तोटा नाही.

पांढऱ्या साडीबद्दलही बोलायला हवं. ती साडी, ते मोकळे केस, ते रिकामं कपाळ कुठून आलं याचा जरा विचार कर. आपल्याकडे जिला सगळ्या शुभकार्यांतून बाहेर काढलं, त्या विधवेचं ते रूप आहे, आणि आपण तिचंच भूत केलं. जत्रेला येणाऱ्या बायकांत अशा कितीतरी असतात. तसंच भाजलेलं तोंड, वेड लागलेला माणूस, कुबड आलेली बाई. मी पहिल्या बंगल्यात भाजलेल्या चेहऱ्याची एक आकृती केली होती. दुसऱ्या रात्री एक मुलगी आत शिरली आणि तिथेच थबकली. तिच्या मानेवर आणि हनुवटीवर भाजल्याचे वण होते. ती ओरडली नाही. मुकाट्याने मागे फिरली आणि आल्या वाटेने बाहेर गेली. त्याच रात्री मी ती आकृती काढली. कुणाचं दुखणं उचलून भूत करायचं नाही, एवढा नियम मी तेव्हापासून पाळलाय.

तर मग हडळ फसली का? तिच्यात कमी काहीच नव्हतं, जास्त होतं. तू ती देखाव्यासारखी केलीस. देखावा लांबून बघायचा असतो, गर्दीतून माना उंचावून, म्हणून हावभाव मोठे लागतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री उभे राहतात ते नरकासुर आठव. बांबू, गवत, कागद, वर मुखवटा. एवढाले डोळे, एवढाल्या मिशा, बाहेर आलेले दात. ते बरोबरच आहे, कारण तो चौकात उभा राहणार, लांबून दिसणार आणि पहाटे जळणार. भूत बंगल्यात माणूस आकृतीसमोर हातभर अंतरावर येतो, अंधारात, आणि तीन-चार सेकंदांत पुढे सरकतो. तेवढ्यात सुळे, रक्त, उलटे पाय, साडी हे सगळं बघून होत नाही. मग मेंदू म्हणतो, हे बाहुलं आहे, आणि सुटतो. शिवाय तू ती उन्हात उभी केलीस. उन्हात कुठलंच भूत टिकत नाही.

आता डोळे. बाप्पाची आखणी करताना बुबुळ कुठे ठेवतोस? मूर्ती मखरात उंच बसणार, माणूस खालून बघणार, म्हणून नजर जराशी खाली उतरवतोस. मग दारातून येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, बाप्पा माझ्याकडेच बघतायत. ती ओळख, तो दिलासा, हे तुझ्या ब्रशचं काम आहे. भुताला नेमकं तेच द्यायचं नाही. बुबुळं दोन सूत बाजूला सरकव, म्हणजे आकृती समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्यामागे बघेल. दोन सूतच, जास्त सरकवलीस तर ती तिरळी दिसेल आणि लोक हसतील. समोरच्याला आधी वाटेल ही माझ्याकडे बघतेय, मग कळेल की नाही, आणि मग तो वळून मागे बघेल. पाठीमागे काहीच ठेवू नकोस. अंग सगळं मॅट ठेव, डोळ्यांवर मात्र क्लिअर लॅकरचा एक हात दे, म्हणजे ते ओले दिसतील. दिवा बारीक, पिवळसर, एका बाजूने आणि खालून. हिरवे-लाल दिवे मेळेवाला लावायला सांगेल. त्याला आधी एक खोली तुझ्या पद्धतीने करून दाखव.

माझ्या दुसऱ्या बंगल्यातली एक म्हातारी सांगते. तिचं तोंड मी केलंच नव्हतं. ती पाठमोरी बसलेली, मांडीवर सूप, तांदूळ निवडतेय. विटकं जुनेर, पाठीचे मणके कापडातून जाणवतील इतपत, मानेवर केसांचा छोटासा आंबाडा. पाठ माझ्या आजीची होती. ती अशीच बसायची, म्हणून मला ती बघून बघून पाठ होती. उजवा हात गाडीच्या वायपरच्या १२ व्होल्टच्या मोटरवर. क्रँक लावला की मोटरचं गोल फिरणं पुढे-मागे होतं आणि बोटं सुपात खुडबुडतात. मोटरची घरघर लपवायला आडोशाला पत्र्याच्या डब्यात थोडे तांदूळ, त्यांचा सळसळ आवाज. वाटेवर रबरी चटईखाली स्विच. माणूस तीन पावलांवर आला की मोटर बंद. हात थांबतो. बस, पुढे काहीच होत नाही, मान वळत नाही. पण आपण आल्याचं तिला कळलं, एवढं त्या माणसाला कळतं. बापे माणसं तिथून पुढे जायला तयार नसायची, एकमेकांना ढकलायची. मालक पहिल्या दिवशी माझ्यावर चिडला होता, हिला तोंड कुठे आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याने आणखी एक मागितली. मी दिली नाही, एका बंगल्यात एकच अशी पुरे.

हे का होतं यावर मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकांनी १९७० मध्ये एक छोटा लेख लिहिला. रोबो माणसासारखा होत जातो तसा तो आवडू लागतो, पण अगदी माणसाच्या जवळ आला आणि जरासाच उणा राहिला, की अंगावर काटा येतो. त्यांनी उदाहरण दिलं होतं कृत्रिम हाताचं. दिसतो खरा, हातात घ्यावा तर गार आणि निर्जीव. म्हणून म्हणते, राक्षस करू नकोस, माणूस कर आणि त्यात एकच गोष्ट चुकव. बोटं एका पेराने लांब. मान जरा जास्तच कललेली. नऊ आकृत्यांपैकी दोन-तीन मोठ्या दातांच्या ठेव, पोरांना त्या हव्याच असतात, आणि त्या जागा आधी येऊ देत. हसून सैल झालेला माणूस पुढच्या वळणावर जास्त घाबरतो.

सामानाचं थोडक्यात. थर्माकोल सोड. पॉलिएस्टर रेझिन त्याला खातं, आणि तसंही २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. चेहऱ्यांना कागदाचा लगदाच घे, त्यात डिंक आणि मेथीची पूड घाल, म्हणजे कीड लागत नाही. लगदा हलका असतो, पडला तरी फुटत नाही, आणि फिरत्या मेळ्यात माल रोज टेम्पोत चढतो-उतरतो. फायबरमध्ये केलंस तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नकोस, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. काम उघड्यावर करायचं आणि तोंडाला वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क लावायचा, रुमालाने काही होत नाही. खऱ्या हाताचा साचा काढायचा मोह होईल. पीओपीत हात घालून बसू नकोस आणि पुतण्यांचे तर मुळीच नको. जाड पीओपी घट्ट होताना इतकं तापतं की कातडी भाजते, आणि हात आत अडकलेला असतो. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते आल्जिनेट आण.

यापुढचं दोनदा वाच.

११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका करमणूक पार्कातला भुताचा वाडा जळाला आणि आत अडकलेली ८ तरुण मुलं गेली. तो वाडा ट्रेलर एकमेकांना जोडून केलेला होता. अंधारात वाट दिसावी म्हणून कुणीतरी लायटर पेटवला आणि ज्योत भिंतीवरच्या फोमला लागली, असं तपासात पुढे आलं. पाण्याचे फवारे नव्हते, धुराची घंटा नव्हती. आतल्या मुलांना आधी वाटलं असेल की हा धूरही खेळाचाच भाग आहे. मी ही गोष्ट वाचली तेव्हा माझा पहिला बंगला उभा होता, आणि त्याच्या भिंती गोणपाटाच्या होत्या. त्याआधी एका देखाव्यात माझ्याच राक्षसाचे तागाचे केस हॅलोजनला टेकले होते आणि धुमसायला लागले होते. एका कार्यकर्त्याने वाळू मारली म्हणून निभावलं. दिवा कुठे येणार हे मी विचारलंच नव्हतं. चूक माझी होती.

म्हणून फोम नको, तागाचे मोकळे केस नकोत, हॅलोजन तर नकोच, एलईडी घे. सुती कापड ७ भाग बोरॅक्स आणि ३ भाग बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून त्यात भिजव आणि वाळव. मग एक पट्टी अंगणात काडी लावून बघ. ज्योत काढल्यावर विझली पाहिजे. नाही विझली तर पाणी आणखी दाट कर. पावसात भिजलं की परत करावं लागतं, हे मेळेवाल्याला लिहून दे. आकृती बाहेर पडायच्या वाटेत कधीच उभी करायची नाही, आणि एक बटण दाबलं की सगळे पांढरे दिवे लागून सगळ्या मोटरी थांबतील अशी सोय नसेल तर माल देऊ नकोस. इथे भीड बाळगायची नाही. घाबरलेला माणूस हात उगारतो हेही लक्षात ठेव. आकृती हाताच्या टप्प्याबाहेर, तारेचं एकही टोक उघडं नको, मान स्प्रिंगवर.

पैशांचं. एका आकृतीचं सामान आणि मोटर मिळून ७ हजार धरले तरी नऊंचे ६३ हजार होतात. उचल १५ हजार. म्हणजे तुझ्या खिशातले ४८ हजार त्याच्या मेळ्यात अडकणार, आणि हंगाम कधी झाला हे तोच ठरवणार. निम्मे आधी, उरलेल्यातले बहुतेक माल उचलताना, आणि फार तर १० टक्के महिन्याभराने. नऊऐवजी सहा कर, चांगल्या कर. साचे तुझे राहतील आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे, हे कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घे. तो नाही म्हणाला तर म्हणू दे. जत्रा खूप आहेत आणि डोळे आखता येणारे हात थोडे.

आजपासून एकच आकृती धर, पाठमोरी किंवा बाजूने, सुळे नसलेली. कुणाची पाठ तुला पाठ आहे ते आठव. झाली की रात्री पडवीत ठेव, एक बारीक दिवा लाव, आणि पुतण्यांना न सांगता तिकडून पाण्याचा तांब्या आणायला पाठव. ते सेल्फी काढतात की तांब्या टाकून पळतात, ते मला कळव. व्हिडिओ पाठवलास तर त्यांच्या उंचीवरून घे, आणि मोबाइलचा दिवा बंद ठेवून.

तुझी,
ताई